हळू फिरणाऱ्या डोळ्याचं गणित : नाशिकमधल्या एका मांडणीच्या नोंदी

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. न्यूरॉलॉजीतलं मला जे कळतं ते डॉक्टरांच्या ओपीडीत शनिवारी दुपारी बसून कळलेलं आहे. जून ते सप्टेंबर २०२४ या काळात आम्ही रुग्णांच्या डोळ्यांची झटकन होणारी हालचाल मोजायची साधी मांडणी उभी केली आणि तिच्यावर गणिती मॉडेल बसवलं. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर निदान आमचे वाया गेलेले शनिवार त्यांचे वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी. रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती आणि समितीची परवानगी मोजमापाआधी घेतली होती. ते काम आधी उरका, त्याला वेळ लागतो.

१ जून, शनिवार

गंगापूर रोडवरची ओपीडी. डॉक्टर एका हाताचं बोट बाजूला धरतात आणि म्हणतात, "आता बोटाकडे बघा. आता माझ्या नाकाकडे." आपली नजर अशा वेळी उडी मारते. तिला सॅकेड म्हणतात, मी पुढे झेप म्हणणार आहे. दहा अंशांची झेप साधारण ४५ मिलिसेकंदांत संपते, ती समोरच्याला धड दिसतही नाही. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार काका आज आले होते. त्यांचे डोळे बोटाकडून नाकाकडे सरकताना मला स्पष्ट दिसले, घड्याळाच्या काट्यासारखे. आजार एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, तोल आणि चाल बिघडवणारा मेंदूचा आजार), जनुकीय चाचणी झालेली. त्यांच्या वडिलांची चालही अशीच गेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं की हळू डोळ्यांचा हा आनुवंशिक आजार पहिल्यांदा नीट मांडला तो मुंबईत, १९७१ साली, वाडिया आणि स्वामी यांनी, नऊ कुटुंबं तपासून. त्यामागचं जनुक १९९६ साली सापडलं. एवढं आपल्याकडे होऊन गेलेलं असताना काकांच्या केसपेपरवर मात्र "डोळे हळू" एवढंच लिहिलेलं. सहा महिन्यांनी परत तेच लिहिलं जाईल. मधे फरक पडला की नाही हे कशावरून ठरवायचं? डॉक्टरांना आकडा हवा आहे. मीही त्याच कामाला लागले.

८ जून

मोबाइलवर भागवायचा प्रयत्न. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा फोन होता, म्हणजे दर फ्रेमला ४.२ मिलिसेकंद, कागदावर उत्तम. दोन ठिकाणी अडलं.

पहिलं, आपले डोळे गडद तपकिरी. साध्या उजेडात बाहुली आणि तिच्याभोवतीचं तपकिरी कडं यांत कॅमेऱ्याला फरकच सापडत नाही. प्रोग्रॅम कधी पापणीच्या सावलीला बाहुली म्हणे, कधी भुवईला. आंतरजालावरचे बरेच नमुने फिकट डोळ्यांवर घेतलेले असतात, ते बघून फसू नका. दुसरं, आमच्या फोनच्या फाइलमध्ये फ्रेममधलं अंतर सारखं नव्हतं. फोन उजेड पाहून स्वतःच वेग बदलत होता. ट्यूबलाइटची लुकलुक सेकंदाला शंभर वेळा, तिच्यामुळे फ्रेम उजळ-मंद होत होत्या ते वेगळंच.

अख्खा शनिवार आणि रविवार सकाळ गेली. फोन सोडला.

१५ जून

अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात तपकिरी कडं उजळ दिसतं आणि बाहुली काळीभोर राहते. म्हणून जुन्या गेमिंग कन्सोलचा, प्लेस्टेशन ३ चा आय कॅमेरा घेतला, वापरलेला, ११०० रुपये. ३२० बाय २४० वर सेकंदाला १२० फ्रेम देतो. आतली अवरक्त अडवणारी काच काढावी लागते. मी ती स्क्रूड्रायव्हरने उचकटताना सेन्सरवर ओरखडा पाडला. नशिबाने तो चित्राच्या कोपऱ्यात आला. तुम्ही ब्लेडने कडेचा गोंद आधी मऊ करून घ्या. डोळा चौकटभर दिसावा म्हणून एम-१२ लेन्स बदलली, ६५० रुपये.

खोलीतला उजेड अडवायला काच विकत घ्यायची गरज नाही. धुतलेल्या कलर फिल्मचा पूर्ण काळा पडलेला तुकडा साधा प्रकाश अडवतो आणि अवरक्त जाऊ देतो. मेन रोडवरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत विचारलं तर मालकांनी रिळाची शेपटीच कापून दिली, पैसे घेतले नाहीत.

८५० नॅनोमीटरचे चार एलईडी. इथे घाई करू नका. डोळ्यावर सतत पडणाऱ्या अशा किरणांसाठी दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॉट ही मर्यादा धरतात, आणि हा प्रकाश डोळ्याला दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पॉवर मीटर आणून डोळ्याच्या जागी मोजलं, एक मिलिवॉटच्या आत आलं. त्यानंतरच पहिल्यांदा स्वतः समोर बसले.

२२ जून

प्लायवूडची पट्टी, तिच्यावर लाल एलईडी, मागे ते पेटवणारा आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. डोळ्यापासून एक मीटरवर पट्टी असेल तर मध्यापासून ५ अंश म्हणजे ८.७ सेंटीमीटर, १० अंश म्हणजे १७.६, १५ म्हणजे २६.८ आणि २० म्हणजे ३६.४. सुताराला नुसतं "सारख्या अंतरावर भोकं" सांगू नका, प्रत्येक माप लिहून द्या. सुतार आणि प्लाय मिळून १४०० रुपये. चष्म्याच्या दुकानातून निघालेलं हनुवटी टेकवायचं जुनं स्टँड २२०० ला मिळालं. सगळ्यात महाग वस्तू तीच, आणि पैसे सगळ्यात जास्त तिच्यातच वसूल झाले.

६ जुलै

आठ विद्यार्थ्यांची मापं घेतली आणि सगळी फेकून द्यावी लागली. सकाळच्या चौघांचे आणि दुपारच्या चौघांचे आकडे जुळेनात. दुपारी साफसफाई झाली होती आणि टेबल पट्टीच्या जवळ सरकलं होतं, एक मीटरचं ८० सेंटीमीटर झालं. मग १७.६ सेंटीमीटरवरचा दिवा १० अंशांवर राहत नाही, १२.४ अंशांवर जातो. त्या मुलांना मी दुपारभर "जास्त वेगवान" समजत होते.

आता जमिनीवर ऑइल पेंटने चार पायांच्या खुणा केल्या आहेत आणि सुरुवातीला दोरीने अंतर मोजल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच होत नाही. तो "अंतर मोजलं का?" असं विचारतो आणि आकडा टाकावा लागतो. पट्टीचा मध्य नाकासमोर धरला होता तोही चुकलाच. आम्ही फक्त उजवा डोळा टिपतो, तेव्हा मध्य उजव्या डोळ्यासमोर हवा. तीन सेंटीमीटरची चूक म्हणजे १.७ अंश.

१३ जुलै

एका विद्यार्थिनीचा वेग सेकंदाला ९०० अंश आला. निरोगी माणसाच्या मोठ्या झेपेचा वेगसुद्धा ५०० च्या आसपास जाऊन टेकतो, म्हणजे आकडा खोटा. कारण शोधायला तीन संध्याकाळी लागल्या. यूएसबी हबमधून मधेच एखादी फ्रेम गळत होती. मी मात्र फ्रेमचा क्रमांक गुणिले ८.३ मिलिसेकंद अशी वेळ धरत होते. एक फ्रेम गळली की दोन फ्रेमचा प्रवास एका फ्रेमच्या खात्यात पडतो आणि वेग दुप्पट होतो.

कॉम्प्युटरचं घड्याळ वापरून बघितलं, तेही पुढेमागे होतं. शेवटी चालला तो उपाय साधा आहे: चित्राच्या कोपऱ्यात तीन बारीक अवरक्त एलईडी लावले. दोन एलईडी आर्डुइनोच्या तालावर ठरावीक क्रमाने पेटतात-विझतात, तिसरा लाल दिव्याबरोबर पेटतो. क्रम तुटला की फ्रेम गळाली हे चित्रातच दिसतं, आणि दिवा कधी लागला हेही त्याच चित्रात येतं, म्हणून दोन घड्याळं जुळवायची भानगड उरत नाही. हब काढला, २५० ची नवी केबल घेतली, गळती जवळजवळ थांबली.

हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मॉडेलमध्ये कितीही बारकाई घाला, वेळेची मोजणी चुकली असेल तर ते चुकीलाच रुग्णाचं लक्षण म्हणून रंगवतं.

२७ जुलै

काका आले, मुलगी सोबत. बाहेर धो धो पाऊस. वीस मिनिटांचं काम धरलं होतं, सव्वा तास लागला.

दिवा उजवीकडे लागला की काका आधी डोकं फिरवायचे. मुलगी म्हणाली, "ताई, ते घरीही तसंच करतात. हाक मारली की मान आधी येते." डॉक्टरांनी समजावलं की डोळे हळू झाले की माणूस नकळत मानेची आणि पापणीची मदत घ्यायला शिकतो, पापणी मिटून उघडली की झेप सुरू व्हायला सोपं जातं. म्हणजे ज्याला मी मोजणीतला कचरा समजत होते ती काकांनी शोधलेली युक्ती होती. ती पुसून न टाकता वेगळी नोंदवायचं ठरलं.

पण मोजणीला त्रास होतोच. पापणी खाली येताना बाहुलीचा वरचा भाग झाकते, उरलेल्या भागाचा मध्य खाली सरकतो आणि प्रोग्रॅमला वाटतं डोळा खाली गेला. आता बाहुलीची उंची रुंदीच्या मानाने एकदम कमी झाली की तो तुकडा आधी-नंतरच्या थोड्या फ्रेमसकट वगळते. डोक्यासाठी कपाळपट्टीवर चमकणारा ठिपका लावला (१५० रुपये) आणि त्याचं सरकणं डोळ्याच्या सरकण्यातून वजा केलं. काकांची मान किंचित डोलते, ठिपका नसता तर ते डोलणंही डोळ्याच्या नावावर गेलं असतं.

दर पाच मिनिटांनी विश्रांती द्या. रुग्ण थकला की झेपा आणखी मंद होतात आणि आजार कुठे संपला, थकवा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही.

३ ऑगस्ट

आता गणित. झेप जितकी मोठी तितका तिचा कमाल वेग जास्त, पण पुढे त्याची वाढ मंदावून तो सपाट होतो. या नात्याला मेन सिक्वेन्स म्हणतात. हा शब्द १९७५ साली बाहिल, क्लार्क आणि स्टार्क यांनी खगोलशास्त्रातून उचलला, ताऱ्यांच्या तेज-तापमानाच्या आलेखातल्या मुख्य पट्ट्यावरून. सूत्र असं:

कमाल वेग = क × (१ − ई^(−अंतर ÷ ब))

यात अंतर म्हणजे झेप किती अंशांची ते, ई हा गणितातला ठरलेला स्थिरांक (सुमारे २.७२), क म्हणजे वेग जिथे टेकतो तो आकडा, आणि ब म्हणजे तो किती लवकर टेकतो ते.

विद्यार्थ्यांच्या ५ आणि १० अंशांच्या झेपांवर हे बसवलं तर एकाचा क आला १४००. सूत्र आलेखावर सुंदर बसलेलं होतं, आकडा मात्र निरर्थक. लहान झेपांत रेष जवळजवळ सरळ असते, तेव्हा क आणि ब दोन्ही वाढवले तरी ती तशीच बसते. वाकण दिसल्याशिवाय दोघांना वेगळं करता येत नाही. दिवे मध्यापासून बाजूला नेण्याऐवजी मध्य ओलांडून उडी मारायला लावली, डाव्या १५ वरून उजव्या १५ वर, म्हणजे ३० अंश. मग आकडे ताळ्यावर आले.

वेग काढताना चित्र गुळगुळीत करायचा मोह आवरा. दोन्ही बाजूंच्या फ्रेम घेऊन वेग काढला तर १२० फ्रेमच्या कॅमेऱ्याने ५ अंशांच्या झेपेचा कमाल वेग सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसतो, १५ अंशांच्या झेपेचा ३ टक्क्यांनी. हे मी कागदावर काढलं, वेगाचा आकार उलट्या वाटीसारखा धरून. त्यावर आणखी गुळगुळीत केलं की टोक अजून खाली जातं. म्हणून आमचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघत नाही, याच मांडणीवर घेतलेल्या निरोगी माणसांशी ताडतो.

१७ ऑगस्ट

दोन आठवडे चुकीच्या मॉडेलवर गेले. तरीही या सगळ्या कामातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं तेच आहे.

माझी कल्पना अशी होती की झेप म्हणजे फेकलेला दगड. मेंदू आधीच ठरवतो किती जोर, किती वेळ, आणि सोडून देतो. डोळा सरकवायला जोराचा धक्का आणि मग जागेवर धरून ठेवायला स्थिर ताण, असं ते दोन भागांत चालतं, आणि तो ताण धक्क्याचीच बेरीज करून मिळतो. निरोगी माणसांवर हे मस्त बसलं. मग काकांसाठी धक्क्याची उंची पाचव्या हिश्श्यावर आणली. मॉडेलमधला डोळा १५ अंशांऐवजी ३ अंशांवर जाऊन थांबला.

काकांचा डोळा मात्र थांबत नाही. तो २७० ते ३०० मिलिसेकंद घेतो, पण १५ अंशांवरच जातो. मी धक्क्याची लांबी हाताने वाढवून आलेख जुळवला आणि डॉक्टरांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, हा धक्का इतका वेळ चालू ठेवायचं त्यांच्या मेंदूला कोण सांगतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आलेख जुळला होता, कारण तो मीच जुळवला होता.

२४ ऑगस्ट

उत्तर डोळ्यांच्या हालचालींचे अभ्यासक डेव्हिड रॉबिन्सन यांच्या १९७५ च्या मांडणीत आहे. मेंदू दगड फेकत नाही. डोळा कुठवर आला याचा हिशोब तो आतल्या आत सतत ठेवतो आणि उरलेलं अंतर शून्य होईपर्यंत धक्का चालू ठेवतो. झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे तपासलं ते नेमकं अशाच हळू डोळ्यांच्या रुग्णांवर. धक्का देणाऱ्या पेशी अशक्त झाल्या की वेग पडतो, पण हिशोब शाबूत असल्यामुळे डोळा मुक्कामाला जातो.

म्हणून आता सूत्रात पूर्ण अंतराच्या जागी दर क्षणी उरलेलं अंतर टाकायचं:

वेग = क × (१ − ई^(−उरलेलं अंतर ÷ ब))

पहिल्या फेरीत क ५०० आणि ब १० घेतला. १५ अंशांची झेप एक अंश उरेपर्यंतच ७० मिलिसेकंद खात होती, खरी ५४-५५ मध्ये संपते. शेपटी लांब. ब १ केला, तर डोळा मुक्कामावर दोनेक अंश थरथरायला लागला. ओप्सोक्लोनस, फ्लटर अशा आजारांत डोळे असेच थरथरतात हे वाचलेलं होतं, त्यामुळे मला वाटलं मॉडेलने स्वतःहून एक लक्षण दाखवलं. डॉक्टरांनी थरथरीचा वेग विचारला. सेकंदाला ६०. ते म्हणाले, फ्लटर त्याहून बरंच सावकाश असतं. ६० म्हणजे आमच्या कॅमेऱ्याच्या १२० चा बरोबर निम्मा! गणिताची पायरीही मी कॅमेऱ्याएवढीच, ८.३ मिलिसेकंदांची ठेवली होती. प्रत्येक पायरीत डोळा मुक्काम ओलांडत होता आणि पुढच्या पायरीत परत येत होता. पायरी ०.१ मिलिसेकंद केली, थरथर गेली.

पण ब १ ठेवला की ५ अंशांची आणि १५ अंशांची झेप सारख्याच वेगाने होते, मेन सिक्वेन्स मोडतो. शेवटी ब ५, क ४५०, आणि अर्धा अंश उरला की दार बंद, म्हणजे धक्का थांबला. हे दार मी सोयीसाठी घातलेलं नाही. मेंदूच्या देठात झेप नसताना धक्क्याच्या पेशींना गप्प ठेवणाऱ्या पेशी असतात, झेपेपुरत्या त्या स्वतः गप्प होतात. आता १५ अंशांना ५८ मिलिसेकंद.

काकांसाठी फक्त क बदलला, ९० केला. बाकी कशाला हात लावला नाही. वेळ आपोआप पाचपट, २९० मिलिसेकंद, आणि डोळा मुक्कामाला.

३१ ऑगस्ट

पीएसपीच्या (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, नजर आणि तोल बिघडवणारा मेंदूचा आजार) एका आजी. आडव्या पट्टीवर त्यांच्या झेपा फारशा बिघडलेल्या दिसल्या नाहीत आणि मी डॉक्टरांना तसं सांगूनही टाकलं. त्या आजारात आधी वर-खाली बघणं मंदावतं. आडव्या झेपेच्या पेशी मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात आणि उभ्या झेपेच्या मध्यमेंदूत, जागाच वेगळ्या. पट्टी उभी करायची सोय नव्हती. दोन नटबोल्ट आणि अर्धा तास. खाली बघताना पापणी बाहुली झाकते, ती वर धरायला परिचारिका ताईंची मदत लागली. उभ्या झेपांची मापं अजून भरवशाची नाहीत, म्हणून त्यांच्यावर मॉडेल बसवलेलं नाही.

७ सप्टेंबर

गणेशचतुर्थी. काम नाही.

१४ सप्टेंबर

काकांची दुसरी फेरी. मॉडेल खरं की मी पुन्हा आलेख जुळवलाय, हे तपासायचं होतं. दिवा उजवीकडे १५ अंशांवर लावायचा आणि डोळा निघता निघता तो विझवून डावीकडचा लावायचा. मेंदू नव्या दिव्याची दखल घेईपर्यंत निरोगी माणसाची झेप संपलेली असते, नजर आधी उजवीकडे जाते आणि मग वेगळी झेप घेऊन परत येते. दगडाच्या मॉडेलप्रमाणे काकांनीही तेच करायला हवं होतं. हिशोब चालू असेल तर मात्र डोळा वाटेतच वळायला हवा.

पहिल्या सात प्रयत्नांत काहीच हाती आलं नाही, दिवा बदलायला उशीर होत होता. मग डोळा हलल्याची वाट न बघता पहिल्या दिव्यानंतर ठरावीक वेळाने दुसरा लावला, १०० ते २०० मिलिसेकंदांत बदलत बदलत. काकांना काहीच सांगितलं नव्हतं. अकराव्या प्रयत्नात डोळा उजवीकडे नऊ अंशांपर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला. मग सोळाव्यात, मग सतराव्यात. मॉडेलला तेच दिवे त्याच वेळी दाखवले. वळायची जागा एक-दीड अंशाच्या फरकाने जुळली, वळल्यानंतरचा वेग मात्र मॉडेलमध्ये जास्त येतो. का ते शोधायचं आहे.

२१ सप्टेंबर

एकूण खर्च ६६०० रुपये, माझा वेळ सोडून. कॅमेरा, लेन्स, पट्टी, स्टँड, केबल आणि कपाळपट्टी वर आलेच आहेत. उरलेल्यात आर्डुइनोची नक्कल ५५०, अवरक्त एलईडी आणि रोध १२०, लाल एलईडी आणि वायर १८०. ओरखड्यामुळे दुसरा कॅमेरा लागला असता तर आणखी ११००.

केसपेपरवर डॉक्टरांनी "डोळे हळू" च्या पुढे लिहिलं: क ९०, आडवी, उजवा डोळा, अंतर १०० सेंटीमीटर. अंतर लिहायला मी लावलं. काकांना दोन्ही आलेख दाखवले, त्यांचा आणि मॉडेलचा एकावर एक. त्यांनी बोटाने रेघ वळते तिथपर्यंत नेली आणि विचारलं, "इथून मी मागे फिरलो?" हो म्हटलं. मग पुढची तारीख मार्चची द्यायची ठरली, तर म्हणाले, "मार्चात बाग काढणीला येते ताई, फेब्रुवारीच्या सुरुवातीला धरा. आता ऑक्टोबरची छाटणी उरकायचीय."

फेब्रुवारीचा पहिला शनिवार लिहिला. जमिनीवरच्या खुणांवर आज पेंटचा दुसरा हात दिला.